पक्षाघातानंतरचा सोबती

पक्षाघाताला आपल्याकडे अनेक नावे आहेत. कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू म्हणतो, जुनी माणसे "अंगावरून वारं गेलं" असे म्हणतात आणि दवाखान्यात "पॅरालिसिसचा अटॅक" किंवा "ब्रेन स्ट्रोक" हे शब्द कानावर येतात. नावे निरनिराळी असली तरी घडते ते एकच. मेंदूच्या एखाद्या भागाला होणारा रक्तपुरवठा एकाएकी थांबतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने तो थांबतो किंवा रक्तवाहिनी फुटल्याने थांबतो. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात गळून पडला किंवा बोलणे अडखळू लागले तर क्षणभरही न थांबता सी. टी. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही प्रत्येकाला देता येत नाही. एवढी गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करून ठेवावी. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय त्यापुढचा आहे. जीव वाचला, रुग्णालयातून घरी सोडले, आता पुढे काय, या प्रश्नाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

घरी आणल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस माणसांची रीघ लागते. नातेवाईक येतात, शेजारी शहाळी-फळे घेऊन येतात, कामावरचे सहकारी येऊन जातात. मग हळूहळू ही वर्दळ ओसरते. मुलगा कामावर, सून कामावर, नातवंडे शाळेत. घरात उरतात दोन माणसे. एक खाटेवरचे आणि दुसरे त्याचे सर्व काही करणारे. ही दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा पत्नी असते. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर घर चालत होते त्याला आज पायजम्याची नाडी बांधता येत नाही. जी बाई पहाटे उठून दहा माणसांचा स्वयंपाक उरकीत होती तिला साडीच्या निऱ्या घालता येत नाहीत. शरीराचे दुःख असतेच, परंतु आपण आता कोणाच्याही उपयोगाचे उरलो नाही ही भावना त्याहून अधिक पोखरते.

वैद्यकीय अभ्यासांतून असे दिसून आले आहे की पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. हे नैराश्य म्हणजे मनाचा दुबळेपणा नाही. तो आजाराचाच भाग असून त्यावर औषध आहे, उपाय आहेत. घरातली मंडळी मात्र म्हणतात, "बाबा व्यायामच करीत नाहीत, आळशी झाले आहेत." बाबा आळशी झालेले नसतात. व्यायाम कशासाठी करावयाचा, हेच त्यांना दिसेनासे झालेले असते.

अशा माणसाला धीर कोणी आणि कसा द्यावयाचा? भेटीस येणारा म्हणतो, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला ठाऊक असते की याला काहीच माहीत नाही. डॉक्टरांना माहीत असते, परंतु त्यांच्या ओ.पी.डी.त एकेका रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटे येतात ते आपण सारेच जाणतो. एक तिसरा माणूस असतो, आणि त्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. तो म्हणजे ज्याला स्वतःला दोन-चार वर्षांपूर्वी हाच झटका येऊन गेला आणि जो आज काठी टेकीत का होईना, आपल्या पायांनी जिना चढून भेटीस आला आहे. त्याने तोंडातून शब्द काढण्याआधीच खाटेवरच्या माणसाचे डोळे त्याच्या पायाकडे जातात.

एका खेड्यातील शेजारी

या विषयात एक उदाहरण फार बोलके आहे. ते परदेशातील असले तरी सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण शेजारधर्मातून किती मोठे काम उभे राहू शकते हे त्यातून कळते.

पॅट्रिशिया नील या अमेरिकन चित्रपट अभिनेत्री. 'हड' या चित्रपटातील भूमिकेसाठी १९६४ साली त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १९६५ रोजी, लॉस एंजेलिस येथे त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटली. वय अवघे ३९, आणि त्या वेळी त्या गरोदर होत्या. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. सुमारे तीन आठवडे त्या बेशुद्ध होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा उजवे अंग लुळे पडले होते आणि वाणी गेली होती. पुढे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांची मुलगी सुखरूप जन्मास आली, ही एक समाधानाची गोष्ट.

त्यांचे पती रोआल्ड डाल हे लहान मुलांसाठी लिहिणारे प्रसिद्ध लेखक. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' हे पुस्तक आपल्याकडील अनेक मुलांनीही वाचले असेल. त्यांनी पत्नीला इंग्लंडमधील ग्रेट मिसेन्डन या आपल्या गावी आणले. दिवसातून थोडा वेळ मिळणारे उपचार पुरेसे नाहीत असे त्यांना वाटले. मग त्यांनी गावातील शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. ठरलेल्या वेळी एक जण यावयाचा, तो उठला की दुसरा. कोणी वाचून घेई, कोणी शब्द लिहून घेई, कोणी हिशोब घाली. यांपैकी कोणीही वैद्यकीय शिक्षण घेतलेले नव्हते. दिवसाचे कित्येक तास असे भरून गेले.

डाल यांची शिस्त कडक होती. एखादी वस्तू हवी असेल तर तिचे नाव उच्चारल्याखेरीज ती द्यावयाची नाही, अशी त्यांची रीत. पॅट्रिशियाबाईंना त्याचा राग येई, आणि पुढे त्यांनी तो मोकळेपणाने सांगितलाही. आपण बऱ्या झालो याचे श्रेयही त्यांनी या हट्टाला दिले. आम्ही या रीतीचे सरसकट समर्थन करणार नाही. ज्याची वाणी मेंदूच्या इजेमुळे गेली आहे त्याला पाण्याच्या पेल्यासाठी ताटकळत ठेवणे हे आपल्या घरात कोणी करू नये. घ्यावयाचे ते पाळ्यांचे तत्त्व.

या शेजाऱ्यांत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ नावाच्या एक बाई होत्या. लंडनमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या एका व्यवसायात त्यांनी जबाबदारीचे पद सांभाळले होते आणि स्वतःच्या आजारपणामुळे ते सोडून त्या गावी येऊन राहिल्या होत्या. आपले काम सुटले की माणसाला काय वाटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. लहान मुलांचे धडे एका प्रौढ, बुद्धिमान बाईपुढे ठेवणे हा तिचा अपमान आहे हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी शब्दकोडी काढली, पत्त्यांचे डाव मांडले, जगातल्या घडामोडींवर गप्पा मारल्या. समोरच्या माणसाला कशात गोडी आहे ते आधी शोधावयाचे आणि त्या वाटेने शब्द परत आणावयाचे, ही त्यांची पद्धत.

मार्च १९६७ मध्ये पॅट्रिशिया नील यांनी न्यूयॉर्क येथे मेंदूस इजा झालेल्या मुलांच्या मदतीसाठी भरलेल्या समारंभात भाषण केले. त्याची तयारी ग्रिफिथबाईंनी करून घेतली होती. १९६८ साली 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' या चित्रपटातून त्या पडद्यावर परतल्या आणि त्या भूमिकेसाठी ऑस्करकरिता त्यांचे नामांकन झाले. त्या पूर्वीसारख्या झाल्या असे मात्र नाही. संवाद लक्षात ठेवणे त्यांना जड जाई, चालण्यातील लंगडेपणा राहिला.

ग्रिफिथबाईंनी ॲलन मूरहेड या नामांकित लेखकालाही मदत केली. नाईल नदीच्या इतिहासावरील त्यांची पुस्तके गाजलेली आहेत. १९६६ मध्ये त्यांना पक्षाघात झाला होता. त्यांचे लेखन मात्र परत आले नाही. ही दोन्ही माणसे एकाच बाईच्या हाताखालून गेली, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. सोबत आणि जिद्द यांनी सर्वांना सारखेच फळ मिळते असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. मेंदूची इजा कोठे आणि किती, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

१९७० साली ग्रिफिथबाईंनी या अनुभवांवर पुस्तक लिहिले. पुढे ब्रिटनमध्ये १९७३ च्या सुमारास, वाणी गेलेल्या रुग्णांच्या घरी नियमाने जाणाऱ्या स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. तीत घरच्या भेटीबरोबर रुग्णांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमावयाचे अशीही व्यवस्था होती. रुग्णाला रुग्ण भेटू लागला तो येथे. आणि पॅट्रिशिया नील? ज्या नॉक्सव्हिल शहरात त्या वाढल्या तेथे १९७८ साली त्यांच्या नावाचे पुनर्वसन केंद्र उघडले. तेथील रुग्णांना त्या अनेकदा भेटावयास जात. २०१० साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. झटका आल्यावर त्या ४५ वर्षे जगल्या.

समदुःखी माणूस काय देतो

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही गोष्ट आपल्याकडे चांगली रुजली आहे. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्या रुग्णांना हात देतात. पुण्यातच पार्किन्सन्सच्या रुग्णांचे व त्यांच्या घरच्यांचे मित्रमंडळ आहे. पक्षाघाताचे रुग्णही संख्येने कमी नाहीत. तरीही आपल्या वस्तीत, चाळीत, गावात ते एकमेकांना ओळखतही नाहीत, कारण जो तो आपल्या घराच्या चार भिंतींत असतो.

अनुभवी माणूस जे देतो ते बारीकसारीक असते, आणि त्यातच त्याचे मोल आहे. "होईल बरे" असे तो म्हणत नाही. "माझा अंगठा चौथ्या महिन्यात हलला, त्याआधी मीही आशा सोडली होती," असे तो म्हणतो. जिना चढताना चांगला पाय आधी वर टाकावयाचा आणि उतरताना अधू पाय आधी खाली ठेवावयाचा, हे फिजिओथेरपिस्ट सांगतातच. पण चाळीच्या अरुंद जिन्यात कठडा डाव्या हाताला आणि लुळे अंगही डावेच असेल तर काय करावयाचे, हे जो रोज तो जिना उतरतो त्यालाच ठाऊक. शर्टाची बटणे काढून तेथे चिकटपट्टी शिवून घेणे, नाडीऐवजी इलॅस्टिक घालणे, भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवणे, पोळी एका हाताने मोडता यावी म्हणून ताटाखाली ओले फडके अंथरणे, या युक्त्या तोंडी पसरतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाजेच्या गोष्टी. पक्षाघातानंतर पुष्कळांना कारण नसताना एकदम रडू कोसळते. काहींना भलत्या वेळी हसू येते, आणि ते आवरत नाही. मयतीच्या घरी हसू फुटले म्हणून एखादा माणूस पुढे कोठे जाणेच सोडून देतो. हा स्वभावदोष नसून मेंदूच्या इजेचा परिणाम आहे, आणि त्यावरही उपचार आहेत. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेला एखादा रुग्ण ताटातल्या डाव्या बाजूचा भात तसाच ठेवून उठतो. डावीकडचे जगच त्याच्या ध्यानात येत नाही. घरच्यांना वाटते, हट्टीपणा करतो. दहा पावले चालून येणारा थकवा, झोपूनही न जाणारा, हाही असाच. "मलाही असंच व्हायचं" हे तीन शब्द दुसऱ्या रुग्णाच्या तोंडून ऐकले की आपण वेडे झालो नाही एवढी खात्री पटते.

"सहा महिन्यांत झाली तेवढीच सुधारणा, पुढे काही नाही," हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येते की ते जणू नियमच आहे असे वाटते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वांत जास्त असतो हे खरे. मात्र त्यानंतर दार बंद होते, हे खरे नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांचा चांगला हात रोज बराच वेळ बांधून ठेवून अधू हाताकडून काम करून घेतले, तेव्हा त्या हातात निश्चित सुधारणा दिसली. ज्यांच्या हातात थोडी तरी हालचाल शिल्लक होती अशांवरच हा प्रयोग केला होता, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केला होता. घरी कोणी कोणाचा हात बांधू नये.

वाणी गेलेल्याशी बोलताना

या रोगात अनेकांची वाणी जाते किंवा अर्धवट राहते. याला वाचाघात म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे की शब्द गेले म्हणजे बुद्धी गेली असे नाही. अशा माणसापुढे त्याच्याविषयी, तो नसल्यासारखे बोलणे हे फार क्रूर आहे, आणि ते रोज घडते. त्याच्याशी बोलताना रेडिओ-टी.व्ही. बंद करावा, समोर बसावे, छोटी वाक्ये बोलावीत, आणि उत्तरासाठी थांबावे. किती थांबावे? आपल्याला अवघडल्यासारखे वाटू लागेल त्याच्याही पुढे थोडे. त्याचा शब्द आपण पुरा करण्याची घाई करू नये. "चहा हवा की दूध?" असे विचारून दोन्हींकडे बोट दाखवावे. पाटी-पेन्सिल, कॅलेंडर, घरातल्यांचे फोटो जवळ असावेत. ज्याला एक वाक्य नीट बोलता येत नाही तो कधीकधी लहानपणापासून पाठ असलेले गाणे शब्दांसह गाऊन दाखवितो, आणि घरातली माणसे चकित होतात. गाण्याची वाट मेंदूत काहीशी निराळी आहे. वाचोपचार करणारे तज्ज्ञही या वाटेचा उपयोग करून घेतात.

मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. हाजीअली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. मुंबईत राहूनही ही नावे न ऐकलेली कुटुंबे आहेत, आणि त्यांना ती सांगणारा बहुधा दुसरा रुग्णच असतो. त्याचप्रमाणे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चलनवलनाच्या अपंगत्वाबरोबर वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाणीदोषाचाही समावेश आहे, आणि अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास अनेक सवलतींचा मार्ग मोकळा होतो. या कागदपत्रांच्या फेऱ्या ज्याने एकदा मारल्या आहेत त्याची सोबत दुसऱ्याच्या चार फेऱ्या वाचविते.

कोठे थांबावे

समदुःखी माणूस डॉक्टर नाही. "मला या गोळीने गुण आला, तुम्हीही घ्या," हे वाक्य कोणत्याही बैठकीत उच्चारले जाऊ नये, असा पहिला नियम असावा. एकाला रक्त पातळ करणारी गोळी जीवनदायी असते. दुसऱ्याची रक्तवाहिनी फुटलेली असते आणि त्याला तीच गोळी घातक ठरू शकते. बी.पी.च्या गोळ्या "आता बरे वाटते" म्हणून बंद करणे हे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण आहे. कबुतराच्या रक्ताने मालीश, गावोगावची गुपित औषधे आणि खात्रीचे इंजेक्शन, यांच्या मागे कर्ज काढून धावलेली घरे थोडी नाहीत. ज्याने तेथे पैसे घालविले आहेत त्याने ते मोकळेपणाने सांगितले तर दुसऱ्याचे वाचतील. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नये, खांदा निखळतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आडवे ठेवून काही भरवू नये आणि डॉक्टरांना सांगावे.

सारा भार घरच्यांवर टाकूनही भागत नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घेण्याचे शिक्षण दिले होते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, निघाले. यावरून घरच्यांचे कष्ट व्यर्थ आहेत असे कोणी समजू नये. आधीच थकलेल्या माणसाला आणखी एक काम शिकविल्याने तज्ज्ञ उपचाराची उणीव भरून निघत नाही, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो. सोबतीनेही ती भरून निघणार नाही. सोबत आहे ती माणूस फिजिओथेरपीच्या दारापर्यंत रोज जात राहावा म्हणून.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे काय? रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या पत्नीला, नोकरी सोडलेल्या मुलीला कोणी "तुम्ही कशा आहात?" असे विचारीत नाही. बैठकीत रुग्ण एका बाजूस आणि त्या दुसऱ्या बाजूस अर्धा तास बसल्या तर पुष्कळ बोलणे होते. कधीकधी रागही बाहेर पडतो, तो पडू द्यावा.

अशी बैठक सुरू करण्यास फार काही लागत नाही. तीन-चार कुटुंबे पुरेत. जागा तळमजल्यावरची असावी, जवळ संडास असावा, खुर्च्यांना हात असावेत. वेळ सकाळची असावी, कारण दुपारनंतर रुग्ण दमतात. तासाभरापेक्षा जास्त बसू नये. भाषणे नकोत, पाहुणे नकोत, हारतुरे तर नकोतच. प्रत्येकाने गेल्या महिन्यात जमलेली एक गोष्ट सांगावी, मग ती डाव्या हाताने केलेली सही का असेना. ज्याला बोलता येत नाही त्याने ती करून दाखवावी. विद्यार्थ्यांनी रुग्णांना आणणे-नेणे, रिक्षात चढविणे, अर्ज भरून देणे ही कामे घ्यावीत. पुढील बैठकीची तारीख उठण्यापूर्वीच ठरवावी, आणि जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात दोघांनी जाऊन यावे. त्या दोघांपैकी एक काठीवाला असावा.